वीरांच्या दोन पेढ्या



वसंतातील या व्याख्यानांसाठी चंद्रपूरकर ऊन उतरण्याची वाट पाहतात आणि अंगाची काहिली होत असतानाही मंडपात येऊन बसतात. अशा श्रोत्यांपुढे कोणी सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन यांच्या कथा घेऊन उभा राहिला, तर ‘हा पोरखेळ येथे कशाला?’ असे कोणाच्या मनात आल्यास आम्ही त्याला दोष देणार नाही. परंतु ज्या गोष्टीसाठी आपल्या घरातील मूल रात्री उशिरापर्यंत जागते, जिचे चित्र असलेल्या दप्तरासाठी ते गोल बाजारात हट्ट धरून बसते, ती गोष्ट पोरखेळ म्हणून सोडून देणे शहाणपणाचे नव्हे.

आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात आणि गेटसभांच्या मधल्या वेळात झाले. त्यामुळे कोणतीही वस्तू समोर आली की ती बनवली कोणी, त्याला मिळाले काय आणि नफा गेला कोठे, हे तीन प्रश्न आमच्या तोंडून आपोआप निघतात. आजची मुले ‘डीसी श्रेष्ठ की मार्व्हल श्रेष्ठ’ यावर तावातावाने भांडतात. या दोन्ही वीरांच्या पेढ्या आहेत. त्यांचा इतिहास पाहताना आम्ही तेच तीन प्रश्न विचारणार आहोत.

प्रथम पेढ्यांची ओळख करून घेऊ. अमेरिकेत मंदीने घरे मोडली होती, त्या काळात दहा सेंट किमतीची रंगीत चित्रपुस्तके निघू लागली. त्यांपैकी ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. पुढील वर्षी ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात बॅटमॅन आला आणि याच मासिकाच्या आद्याक्षरांवरून पेढीला ‘डीसी’ हे नाव पडले. १९३९ सालीच मार्टिन गुडमन या प्रकाशकाने दुसरे दुकान मांडले. त्याचे ‘मार्व्हल’ हे नाव १९६१ पासून रूढ झाले. या दुकानातला पहिला मोठा गाजलेला वीर कॅप्टन अमेरिका. त्याने आपल्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावला होता. तो अंक डिसेंबर १९४० मध्ये विक्रीस आला, आणि अमेरिका युद्धात उतरायला तेव्हा एक वर्ष बाकी होते. सरकारांना जे धैर्य झाले नव्हते ते जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन चित्रकथाकारांना झाले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता दोन्ही पेढ्यांच्या मालातील फरक पाहू. डीसीचे वीर आपल्या पुराणांतील देवांच्या जवळचे आहेत. सुपरमॅन दुसऱ्या ग्रहावरून येतो, शेतकऱ्याच्या घरी वाढतो आणि माणसाचे रूप धारण करून पगारी बातमीदाराची नोकरी करतो. गोकुळात वाढलेल्या कृष्णाची कथा ज्याने ऐकली आहे त्याला यात नवल वाटू नये. बॅटमॅन हा तर गडगंज मालक. रात्री तो मुखवटा घालून गुंडांना झोडपतो. त्यांची मेट्रोपोलिस आणि गोथम ही शहरेही कल्पनेतली.

मार्व्हलने १९६१ नंतर निराळा मार्ग धरला. स्टॅन ली, जॅक कर्बी आणि स्टीव्ह डिटको यांनी खऱ्याखुऱ्या न्यूयॉर्क शहरात माणसे उभी केली आणि त्यांच्यावर शक्तीचे ओझे टाकले. १९६२ साली आलेला स्पायडरमॅन हा पोरका विद्यार्थी. म्हातारी काकू आजारी, घरभाडे थकलेले, आणि पोटासाठी तो एका वर्तमानपत्राला छायाचित्रे विकतो. नोकरी नाही, नगावर पैसे. संपादकाने ठरवावा तो दर. आमच्या भाषेत सांगायचे तर सुपरमॅन कायम कामगार आहे, बॅटमॅन मालक आहे आणि स्पायडरमॅन ठेकेदारी कामगार आहे. मार्व्हलचा आयर्नमॅन हाही मालकच, आणि तोसुद्धा शस्त्रे विकणारा. तेव्हा त्या पेढीत सगळेच गरीब आहेत असे कोणी समजू नये. तरीपण गरिबाच्या घरातील अडचण वीराच्या घरातही असू शकते, हे छापून दाखवण्याचे श्रेय मार्व्हलला द्यावे लागेल.

मात्र जुन्या सुपरमॅनवर अन्याय होऊ नये म्हणून एक कथा सांगतो. कोळशाच्या गावात तर ती सांगितलीच पाहिजे. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या तिसऱ्या अंकात, म्हणजे ऑगस्ट १९३८ मध्ये, सुपरमॅन कोळशाच्या खाणीत उतरतो. खाण कोसळून एक परदेशातून आलेला मजूर जन्माचा जायबंदी झाला आहे. सुरक्षिततेची साधने नादुरुस्त आहेत, मालकाला त्याची फिकीर नाही. सुपरमॅन मजुराचा वेष घेतो. इकडे मालकाच्या बंगल्यावर मेजवानी चालू असते. गंमत म्हणून मालक पाहुण्यांना सजल्याधजल्या कपड्यांत खाणीत नेतो आणि सुपरमॅन वाट बंद करून टाकतो. धोक्याची घंटा वाजत नाही. हातात फावडे धरल्यावर पाहुण्यांना दम लागतो. अखेर मालक कबूल करतो की आपली खाण यापुढे सर्वांत सुरक्षित असेल.

माजरी, घुग्घुस, बल्लारपूर येथे ज्यांच्या घरातील माणसे जमिनीखाली पाळी करून आली आहेत त्यांना ही कथा कळायला भाष्य नको. चोवीस वर्षांच्या आतील दोन तरुण पोरांनी ती रचली होती आणि त्यांच्या वीराला पहिल्याच वर्षी खाणमालकाचा राग आला होता. परंतु या कथेत एक उणीव आहे आणि तीच आमच्या आजच्या बोलण्याचे मूळ आहे. या खाणीत मजूर आहेत, पण ते एकत्र जमून काही मागत नाहीत. ते जखमी होतात आणि वाट पाहतात. प्रत्यक्षात खाण सुरक्षित कशी झाली? मालकाच्या पश्चात्तापाने झाली नाही. आपल्या देशात १९५२ चा खाण कायदा आला, १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि छताला टेकू आहे की नाही हे पाहण्याचा आग्रह प्रत्येक पाळीला नाव-गाव असलेल्या माणसांनी धरला. त्यांतील एकालाही उडता येत नव्हते. पुढे दोन-तीन वर्षांत सुपरमॅननेही खाणमालकांचा पिच्छा सोडला आणि तो दरोडेखोर व वेडसर शास्त्रज्ञ यांच्या मागे लागला. माल खपू लागल्यावर पेढीला धोका नको होता.

छापील कागदावरून हे वीर दूरचित्रवाणीवर आणि पडद्यावर गेले तेव्हा पारडे कसे खालीवर झाले ते थोडक्यात सांगतो. दूरचित्रवाणीवर आघाडी डीसीची: १९५२ ते १९५८ सुपरमॅनची मालिका चालली, १९६६ ते १९६८ बॅटमॅनची. मोठ्या पडद्यावरही १९७८ चा ‘सुपरमॅन’ आणि १९८९ चा ‘बॅटमॅन’ यांनी मैदान मारले. मार्व्हलची चित्रपुस्तके जोरात असली तरी पेढी पुढे कर्जात बुडाली आणि १९९६ च्या डिसेंबरात तिने दिवाळे जाहीर केले. तत्पूर्वी आणि नंतरही चित्रपटाचे हक्क तुकड्यातुकड्यांनी विकले गेले. उरलेल्या वीरांना घेऊन २००८ साली ‘आयर्नमॅन’ काढला आणि नशीब फिरले. एका चित्रपटातील वीर दुसऱ्यात डोकावतो आणि सर्वांची गाठ तिसऱ्यात पडते, ही चित्रपुस्तकांतली जुनी युक्ती पडद्यावर आणल्याने प्रेक्षक एक चित्रपट चुकवायला तयार होईना. कीर्तनकार आख्यान अर्ध्यावर ठेवून ‘उर्वरित उद्या’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. २००९ साली डिस्ने कंपनीने मार्व्हल सुमारे चार अब्ज डॉलरना विकत घेतली. २०१९ चा ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ हा या माळेतला बाविसावा चित्रपट. डीसीची मालकी १९६० नंतरच्या दशकातच वॉर्नरच्या घराण्यात गेली होती. त्यांनी घाईने तशीच माळ गुंफण्याचा प्रयत्न केला, पण तिचे मणी वरचेवर सुटत राहिले. २०२५ साली नवा ‘सुपरमॅन’ काढून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तात्पर्य, कागदावर मार्व्हल, छोट्या पडद्यावर डीसी, मोठ्या पडद्यावर आधी डीसी आणि मग मार्व्हल, असा हा हिशेब आहे. मुलांनी यावर खुशाल भांडावे.

आता आमचा दुसरा प्रश्न. ज्यांनी हे वीर घडवले त्यांना काय मिळाले?

सुपरमॅन निर्माण केला क्लीव्हलँड शहरातील जेरी सिगेल आणि जो शूस्टर या दोन मित्रांनी. पहिल्या कथेची पाने तेरा, दर पानाला दहा डॉलर, म्हणून १३० डॉलर. या १३० डॉलरमध्येच सुपरमॅनचे सर्व हक्क गेले. १९४७ साली दोघे कोर्टात गेले. तडजोड झाली, काही रक्कम मिळाली, पण कामही गेले आणि अंकावरील नावही गेले. पुढे सिगेल कारकुनी करू लागला आणि शूस्टरची दृष्टी अधू झाली. मोठा चित्रपट येणार अशी जाहिरात झाली तेव्हा सिगेलने आपली कर्मकहाणी वर्तमानपत्रांना कळवली. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे चित्रकार पुढे सरसावले, व्यंगचित्रकारांच्या संस्था पाठीशी उभ्या राहिल्या, आणि १९७५ च्या डिसेंबरात पेढीने प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलर आणि कर्ते म्हणून नाव देण्याचे मान्य केले. ज्याने खाणमालकाला वठणीवर आणले त्या सुपरमॅनला आपल्या बापाची थकबाकी वसूल करता आली नाही. ती वसूल केली सहकाऱ्यांनी एकत्र येऊन.

बॅटमॅनची कथा याहून करुण. त्याच्यावर बॉब केन याचे एकट्याचे नाव होते. लिहिणारा बिल फिंगर पडद्याआड राहिला आणि १९७४ साली वारला. त्याचे नाव अधिकृतपणे लागले २०१५ साली, म्हणजे मृत्यूनंतर एक्केचाळीस वर्षांनी. १९६८ च्या सुमारास डीसीच्या जुन्या लेखकांनी आजारपणाच्या विम्यासारख्या साध्या गोष्टी मागितल्या, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांचे काम आटत गेले. मार्व्हल याहून उजळ नव्हते. तेथे धनादेशाच्या पाठीवर मजकूर छापलेला असे. पैसे घेण्यासाठी मागे सही केली की कामाचे हक्क पेढीला दिल्याची कबुली होई. मजुराचा अंगठा कोऱ्या मस्टरवर कसा घेतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही युक्ती परकी वाटणार नाही. जॅक कर्बीला स्वतःच्या हाताने काढलेली मूळ चित्रे परत मिळवण्यासाठी १९८० नंतर कित्येक वर्षे झगडावे लागले. तो १९९४ साली गेला आणि त्याच्या वारसांशी पेढीची तडजोड २०१४ साली झाली.

म्हणजे या बाबतीत दोन्ही पेढ्या सारख्याच. आणखी एक मौज पाहा. हाच कर्बी १९७० साली मार्व्हल सोडून डीसीकडे गेला आणि १९७५ साली परत आला. भांडण गिऱ्हाइकांत होते. कारागीर कुंपणाच्या दोन्ही बाजूंना तोच होता. आजही तसेच आहे. पडद्यावर इमारती कोसळतात, वीर उडतात, ती दृश्ये संगणकापुढे रात्र-रात्र बसून कोणीतरी रचत असते. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या अशा कारागिरांनी संघटनेत जाण्याचा कौल घेतला, आणि ज्यांनी मतदान केले त्यांपैकी एकानेही विरोध केला नाही. ही बातमी आम्हांस कोणत्याही ‘ॲव्हेंजर्स’ चित्रपटापेक्षा अधिक रोमांचकारी वाटली.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडेही अशा दोन पेढ्या होत्या. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. ते १९९० पर्यंत चालले आणि मराठीतही निघत असे. ली फॉक या अमेरिकन लेखकाचा १९३६ सालचा फँटम त्यात ‘वेताळ’ या नावाने आला आणि आमच्या पिढीने त्याची पारायणे केली. दुसरी पेढी १९६७ सालची ‘अमर चित्रकथा’. तिचे संपादक अनंत पै हे आधी टाइम्समध्ये इंद्रजालच्याच उभारणीत होते. परदेशी वीरांऐवजी राम, कृष्ण, शिवाजी महाराज मुलांना द्यावेत म्हणून ते बाहेर पडले. येथेही कारागीर कुंपण ओलांडत राहिले. प्रताप मुळीक यांनी अमर चित्रकथेतील अनेक वीर रेखाटले, आणि १९८६ साली राज कॉमिक्सचा नागराज आला तेव्हा त्यालाही पहिले रूप दिले ते मुळीकांनीच. नागराजाचे नाव लाखो मुलांना पाठ होते. मुळीकांचे किती जणांना ठाऊक होते?

वेताळाविषयी मात्र आम्हां जंगलातील जिल्ह्यांच्या लोकांनी थोडे अधिक बोलले पाहिजे. हा गोरा वीर पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहतो, कवटीच्या गुहेत सिंहासनावर बसतो आणि भोवतालचे वनवासी त्याला अमर समजून त्याची आज्ञा पाळतात. जंगलात न्याय हवा तर तो बाहेरून आलेल्या घराण्याच्या एकविसाव्या पुरुषाने द्यायचा! आपले ते वय या प्रश्नाचे नव्हते. घोडा आणि लांडगा पाहण्यात आपण दंग होतो. परंतु मार्व्हलने १९६६ साली ब्लॅक पँथर आणला आणि २०१८ साली त्याचा चित्रपट आला, तेव्हा फरक डोळ्यांत भरला. येथे राजा त्या भूमीचाच आहे, आणि डोंगराखालचे मौल्यवान खनिज कोणाच्या ताब्यात राहावे हा कथेचा मुख्य प्रश्न आहे. ज्या जिल्ह्यांत जंगलाखाली कोळसा आणि लोहखनिज आहे तेथील प्रेक्षकाला हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. या एका तुलनेत आम्ही निःसंशय मार्व्हलच्या बाजूचे आहोत. तरी त्यातही निर्णय राजाच घेतो, हे विसरून चालणार नाही.

मग आपल्या मातीतले वीर कसे आहेत? ताडोबाचे नाव ज्यावरून पडले तो तारू, गावाचा प्रमुख, वाघाशी झुंजता झुंजता मेला, अशी कथा आहे. तलावाकाठी त्याचे ठाणे आहे आणि पौषात लोक तेथे जात आले आहेत. आणि बाबूराव शेडमाके हे तर इतिहासातील पुरुष. मोलमपल्लीच्या या गोंड जमीनदाराने १८५८ साली इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, वयाच्या पंचविशीत, त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. लोककथा सांगते की त्यांच्या अंगी अचाट बळ होते आणि फाशीचा दोर पुन्हा पुन्हा तुटला. इतिहासकाराने हे दोर बाजूला ठेवावेत हे योग्यच. पण दोर तुटला असे कोणी म्हटले? ज्यांना तो तुटायला हवा होता त्यांनी. ते बळ गोंड आयाबायांनी आणि गाणाऱ्यांनी त्यांना मरणानंतर दिले. या वीराचे हक्क कोणा पेढीकडे नाहीत. दरवर्षी २१ ऑक्टोबरला लोक जमतात त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

पेढ्यांची चुरस पाहायची तर वडशाला जावे. भाऊबीज उलटली की झाडीपट्टीतील नाटक कंपन्यांचा हंगाम सुरू होतो. मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने एकाच गावात एकाच रात्री दोन-दोन, तीन-तीन कंपन्यांचे मंडप पडतात आणि पहाटेपर्यंत प्रयोग चालतात. दंडार आणि खडीगंमत यांच्या पोटातून आलेली ही रंगभूमी. येथेही वीर आहेत, खलनायक आहेत, गर्दी खेचण्याच्या साऱ्या युक्त्या आहेत. पण राजाचे काम करणारा माणूस पुढे शेतात भेटतो, आणि प्रेक्षक त्याला नावाने हाक मारतो. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा गडचिरोलीच्या गावागावांत आपल्या घरचा मान झाल्यासारखे वाटले, ते यामुळेच. या कलावंतांनाही प्रयोगागणिक पैसे मिळतात, हंगाम संपला की पुन्हा पोटाची विवंचना. म्हणून झाडीपट्टीचे कौतुक करताना टाळ्यांबरोबर त्यांच्या म्हातारपणाचीही विचारपूस झाली पाहिजे.

बंधुभगिनींनो, या साऱ्या कथांत दोन प्रकारची माणसे निनावी राहतात. पडद्यावर इमारत कोसळताना धावणारी गर्दी निनावी, आणि ती इमारत रंगवणारा कारागीर निनावी. आमच्या मते हा एकच विसर आहे. जी कथा गर्दीला केवळ वाचवण्याजोगी समजते, ती पेढी कारागिरालाही केवळ राबवण्याजोगा समजते. याच्या उलट उदाहरण आपल्या धानोरा तालुक्यात आहे. मेंढा गावाला २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबू विकण्याचा अधिकार हाती आला. तो मिळवताना कोणी कवटीच्या सिंहासनावर बसले नाही. वर्षानुवर्षे ग्रामसभा बसली आणि सर्वांचे एकमत होईपर्यंत बोलत राहिली. यावर चित्रपट काढला तर बहुधा कंटाळवाणा होईल. जंगल मात्र गावाच्या हाती आले.

मुलांनी सुपरमॅन पाहू नये असे आम्ही म्हणणार नाही. २०२३ साली पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडरमॅन ज्या चित्रपटात आला, तो मराठीतही निघाला. मुलांनी तो जरूर पाहावा. फक्त चित्रपट संपला की नावांची लांबच लांब यादी सरकू लागते, तेव्हा लगेच उठू नये. मुलाला जवळ घेऊन सांगावे, ‘बाळ, हे बघ, हा वीर या इतक्या माणसांनी मिळून केला आहे.’ सिगेल-शूस्टरना त्या यादीत आपले नाव यावे म्हणून अर्धे आयुष्य झगडावे लागले. आपण दोन मिनिटे बसलो तर फार होणार नाही.